सुकी वाकळ

गूळ कधी उतरवायचा हे पिराजीला कुणी सांगायला लागत नसे. ढवळताना हाताला लागणारा रसाचा जडपणा, बुडबुड्यांचा बदललेला आवाज, आणि शेवटी गार पाण्याच्या वाटीत टाकलेला एक थेंब. त्या थेंबाची बोटात गोळी वळली की पिराजी म्हणायचा, "उतरवा." नाही वळली तर खुद्द मालक येऊन उभा राहिला तरी रसाची काहील चुलवाणावरून हलायची नाही. वारणाकाठच्या त्या गुऱ्हाळावर तो एकोणतीस वर्षं गुळव्या होता आणि आपल्या हाताचा त्याला चांगलाच माज होता. शहरातून थर्मामीटर घेऊन आलेल्या दोघा साहेबांना त्यानं गरम रस पाजून, गोड बोलून वाटेला लावलं होतं.

"गरम हाय तवर पळतं, गार झालं की बसतं," तो सांगायचा. "ह्याच्यापरास जास्ती काय शिकायचं असतंय?"

हे ऐकायला बहुतेक वेळा एकटा शमशुद्दीनच असायचा. चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडाचा जाळ घालणं हे त्याचं काम. वर काहिलीपाशी पिराजी, खाली जाळापाशी शमशुद्दीन, आणि मधे एकोणतीस वर्षांची बडबड. सहा वर्षांपूर्वी पिराजीची बायको चिमणाबाई गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून पिराजी कामापुरतं सगळ्यांशी बोलायचा आणि कामाशिवाय फक्त शमशुद्दीनशी. ईदेला खैरुनबी, म्हणजे शमशुद्दीनची बायको, त्याच्यासाठी शिरखुर्म्याचा डबा न चुकता पाठवायची, आणि तो डबा तो दोन दिवस पुरवून खायचा.

चिमणाबाईची म्हणून एकच वस्तू त्याच्यापाशी राहिली होती, एक वाकळ. तिनं आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, मधोमध लाल काठाचा तुकडा. हंगामात गुऱ्हाळावर मुक्काम असला की पिराजी ती घेऊन जायचा आणि दुसऱ्या कुणाला तिच्यावर बसूही द्यायचा नाही. शमशुद्दीन त्यावरून त्याची भरपूर टिंगल करायचा.

डिसेंबरातली गोष्ट. नुकतं उजाडत होतं. त्या दिवशी एक गडी आला नव्हता, म्हणून काहील ओढायला हात कमी पडत होते. पिराजी "उतरवा" म्हणाला तसा शमशुद्दीन जाळ सोडून वर आला आणि काहील उचलायच्या साखळीला लागला. काहील उचलली, गूळ गार करायच्या वाफ्याकडं सरकली, आणि वाफ्यावर तिरकी होताना एका बाजूचा आकडा कडीतून निसटला. उकळता पाक वाफ्यात पडायच्या ऐवजी बाहेर आला. शमशुद्दीन पाठ फिरवून पळाला, पण पाकाचा वेग जास्त होता. पाठ, कंबर, दोन्ही पाय.

गुळाचा पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, तो अंगाला चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. हे तिथं सगळ्यात जास्त पिराजीला कळत होतं. कुणी चिखल आणायला धावला, कुणी टूथपेस्ट म्हणालं. पिराजीनं सगळ्यांना शिव्या देऊन बाजूला केलं आणि हौदातलं पाणी बादलीनं ओतायला लागला. पाक विरघळून निघाला. मग शमशुद्दीनला ओल्या पोत्यांत गुंडाळलं, टेम्पोच्या हौद्यात पालथं निजवलं, शेजारी पाण्यानं भरलेलं पिंप ठेवलं, आणि कोल्हापूरच्या रस्त्याला लागले. अँब्युलन्स येईपर्यंत थांबा, असं फोनवरची बाई म्हणत होती. पिराजीला थांबायला जमलं नाही.

उघडा टेम्पो, डिसेंबरातली सकाळ, आणि पिराजी तांब्यावर तांब्या ओततोय. गार झालं की बसतं. आग आत शिरलीय, ती गार केलीच पाहिजे. वाठारला टेम्पो हायवेला लागला तेव्हा शमशुद्दीन म्हणाला, "पिऱ्या, थंडी वाजतीया."

"वाजंल की. गार व्हायलाच पायजे," पिराजी म्हणाला आणि आणखी एक तांब्या ओतला.

थोड्या वेळानं शमशुद्दीन पुन्हा तेच म्हणाला. शिरोलीच्या पुलावर तिसऱ्यांदा म्हणाला, पण तेव्हा त्याचे दात इतके वाजत होते की शब्द नीट लागले नाहीत. त्यानंतर तो गप्प झाला. आग कमी झाली असणार असं पिराजीला वाटलं, आणि त्याला बरं वाटलं.

दवाखान्यात पूर्णिमा नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं शमशुद्दीनच्या अंगाला हात लावला आणि ती दचकली. पोती काढा, कोरडं करा, हीटर लावा, सलाईन गरम करून आणा, असं ती एका दमात ओरडली. पिराजी दाराशी उभा होता. भाजलेल्या माणसाला हीटर लावतात हे बघून त्याला ही पोरगी येडी आहे असंच वाटलं.

मग त्याला दुसरं काही दिसलं. सलाईनची सुई जिथं टोचली होती तिथून रक्त झिरपत होतं. नर्सनं कापूस दाबला, पट्टी लावली. पट्टी लाल झाली. दुसरी लावली, तीही झाली. डॉक्टरनं काचेच्या छोट्या नळीत थोडं रक्त घेतलं, ती नळी टेबलावर उभी करून ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. नळीला हात लावायचा नाही असं तिनं सगळ्यांना बजावलं.

हे मात्र पिराजीला ताबडतोब कळलं. वाट बघायची असते. मधे हलवायचं नसतं. तो दाराच्या फटीतून त्या नळीकडं बघत राहिला, जसा आयुष्यभर वाटीतल्या थेंबाकडं बघत आला होता. वीस मिनिटं झाली. डॉक्टरनं नळी उचलली आणि अलगद तिरकी केली. रक्त पातळसर, सरळ काठाकडं धावलं. ते बसलं नव्हतं.

ती बाहेर आली तसा पिराजी पुढं झाला. "बाई, गार करा की अजून. गार झाल्याबिगर कसं बसंल?"

डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं. ती थकलेली होती, पण चिडली नाही. "मामा, रक्ताचं उलटं असतं. ते उबेत गोठतं. अंग गार पडलं की गोठायचंच विसरतं. ह्यांचं अंग सदतीसवरून तेहेतीस डिग्रीवर आलंय. एवढं भाजल्यावर रक्त तसंही बिघडतं, नुसत्या गारठ्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण गारठ्यानं भर घातली. किती वेळ पाणी ओतत होतात?"

"भाजल्यापास्नं... दीड तास आसंल."

"पहिली वीस मिनिटं ओतलंत ते फार चांगलं केलंत. नाहीतर आणखी खोल भाजलं असतं. पुढं कोरडं करून पांघरूण घालायचं होतं." मग तिनं सहज विचारलं, "टेम्पोत पांघरायला काहीच नव्हतं का?"

वाकळ पिराजीच्या खांद्यावर होती. घडी केलेली, कोरडी ठणठणीत. निघताना थंडी म्हणून त्यानं ती उचलली होती आणि अख्खा रस्ता ती मांडीवर घेऊन बसला होता. हौद्यात सगळीकडं पाणी. ती भिजू नये म्हणून तांब्या ओतताना तो दर वेळी डाव्या हातानं तिला बाजूला धरत होता.

"नव्हतं," पिराजी म्हणाला.

डॉक्टरची नजर क्षणभर वाकळीवर गेली की नाही, हे त्याला पुढं कधीच नक्की ठरवता आलं नाही. "बाहेर बसा," ती म्हणाली आणि आत गेली.

खैरुनबी तेव्हा कागलला, लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. ती दुपारी आली. आल्या आल्या तिनं पिराजीचे दोन्ही हात धरले आणि रडत म्हणाली, "भावजी, तुमी होता म्हणून. ड्रायव्हरनं सांगितलं सगळं. हात मोडंस्तवर पानी वतत होता म्हनं."

सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पिराजीनं तोंड उघडलंही. पण ती त्याच्या हातावर कपाळ टेकून रडत होती आणि तिला त्या घडीला धरायला दुसरं काही नव्हतं. तो गप्प राहिला. आणि एकदा गप्प राहिल्यावर दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं.

आत कुणाला सोडत नव्हते. जखमांना बाहेरचं काही लागायला नको म्हणून काचेपलीकडूनच बघायचं, तेही सकाळी दोन मिनिटं. रक्तातला पिवळसर पातळ भाग वेगळा काढून पिशव्यांतून येत होता आणि शमशुद्दीनच्या अंगात थेंब थेंब जात होता. रक्त गोठत नाही तोवर जळकी कातडी काढता येणार नाही, ती काढली नाही तर विष अंगात भिनेल, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हणजे सगळं त्या नळीवर येऊन थांबलं होतं. पिराजी मालकाच्या पोरांबरोबर जाऊन रक्त देऊन आला. त्याच्या स्वतःच्या दंडातलं रक्त मात्र कापसाचा बोळा दाबताच थांबलं. तो कितीतरी वेळ त्या बोळ्याकडं बघत बसला.

खैरुनबी दवाखान्याच्या आवारातल्या निंबाखाली बसायची. भाकरी आणली की अर्धी त्याला द्यायची आणि प्रत्येक नव्या पाहुण्याला पहिल्यापासून सांगायची, "ह्यांनीच पानी वतलं." तिसऱ्या दिवसापासून पिराजी मागच्या फाटकाशी, लाँड्रीच्या गाड्या लागतात तिथं बसायला लागला. तिथं कुणी ओळखीचं यायचं नाही. तो त्या गर्दीच्या दवाखान्यात इतका एकटा होता की चिमणाबाई गेली त्या आठवड्यातसुद्धा इतका नव्हता, कारण त्या आठवड्यात शमशुद्दीन रोज येऊन उगीच तंबाखू मळत बसायचा.

चौथ्या दिवशी सकाळी तो काचेपाशी उभा असताना डॉक्टर पूर्णिमानं त्याला बघितलं. तिनं टेबलावरची नळी उचलली, काचेजवळ आणली आणि त्याच्यासमोर तिरकी केली. रक्त हललं नाही. तिनं नळी पार उलटी केली. तरी हललं नाही. पिराजीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "झालं." आणि मग तो तिथंच भिंतीला टेकून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

त्यानंतर ऑपरेशनं झाली. जळकी कातडी काढली, मांडीची, दंडाची कातडी काढून पाठीवर लावली. दोनदा ताप चढला, दोनदा उतरला. शमशुद्दीन वाचणार असं महिन्यानं नक्की झालं.

आणि गावाच्या कौतुकाला ऊत आला. गुऱ्हाळाचा मालक धैर्यशील उत्साही माणूस, त्याला सत्काराला निमित्त लागत नसे, आणि इथं तर निमित्त होतं. एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. पिराजीचा फोटो, डोक्याला फेटा, जो त्यानं जन्मात कधी बांधला नव्हता, कॉम्प्युटरवर चढवलेला. वर ठळक अक्षरांत "प्रसंगावधानी पिराजीमामा". ग्रामपंचायतीसमोर खुर्च्या मांडल्या, भाषणं झाली, नारळ दिला, आणि शेवटी खांद्यावर जाड लोकरी शाल घातली. दोन शब्द बोला म्हणून माईक पुढं केला.

"मी काय बी केल्यालं न्हाय," पिराजी म्हणाला. "माझं चुकलंय."

"बघा किती साधा माणूस!" धैर्यशीलनं माईक ओढून घेतला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती शाल त्यानं घरी नेऊन खुंटीला अडकवली. त्या हिवाळ्यात तो ना शालीत निजला, ना वाकळीत. वाकळ घडी करून फळीवर ठेवून दिली होती. पहाटे कुडकुडत जागा व्हायचा आणि तसाच पडून राहायचा. हे केल्यानं कुणाचं काय भलं होणार होतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

गुऱ्हाळावर जाळाला नवा गडी आला होता. कामाचा होता, पण कानात वायर घालून गाणी ऐकत बसायचा. पिराजी वरून काहीतरी बोलायचा आणि मग आठवायचं की खाली ऐकणारं कुणी नाही. थेंब वाटीत टाकायचा, गोळी वळायची, तरी खात्री वाटायची नाही. पुन्हा टाकायचा. "झालं का रं बग," असं एकदा त्यानं त्या नव्या गड्याला विचारलं, तेव्हा सगळं गुऱ्हाळ त्याच्याकडं बघायला लागलं.

शमशुद्दीनला दवाखान्यातून थेट कागलला, लेकीकडं नेलं. जावई पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, घर पक्कं, दवाखाना जवळ. गावाकडं परत यायचं काही आता जमणार नव्हतं. जाळापुढं बसणं तर सोडाच, नवी कातडी उन्हालाही सोसत नव्हती. पिराजी भेटायला गेला नाही. आज हंगाम आहे, उद्या अंग दुखतंय, असं करत तीन आठवडे काढले. शेवटी खैरुनबीचा फोन आला.

"भावजी, ह्यांनी विचारलंय, पिऱ्या मेला काय? मेला आसंल तर कळवा म्हनं, न्हायतर या म्हनं."

पिराजीनं फळीवरची वाकळ काढली, पिशवीत घातली आणि कागलची एसटी धरली.

शमशुद्दीन कॉटवर कुशीवर निजला होता. तो अर्धा झाला होता. मानेपासून खाली लालसर, चकाकणारी, सुरकुतलेली कातडी दिसत होती. खिडकीतून फेब्रुवारीची सकाळ आत येत होती. अंगावर धुऊन मऊ झालेलं एक पातळ धोतर होतं. "लोकरीचं टोचतंय, नवी चादर टोचतीया, जुनं सुती तेवढंच चालतंय," खैरुनबीनं सांगितलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

शमशुद्दीननं गुऱ्हाळाचं विचारलं, पिराजीनं नव्या गड्याच्या वायरीचं सांगितलं. मग ते संपलं. पिराजीनं पिशवीतून वाकळ काढून मांडीवर घेतली आणि मान खाली घालून बोलायला लागला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना.

"शमशू, तू तीनदा बोललास. मी ऐकलं न्हाय. गार केलं की बरं हुतंय, येवडंच मला ठावं. डॉक्टरीणबाई म्हनली, गारठ्यानं रगात बसंना झालं. पांघराय काय नव्हतं का, म्हनून इचारलं तिनं. मी नव्हतं म्हनलो. खोटं बोललो. ही वाकळ व्हती. माझ्या मांडीवर व्हती, सुकी. भिजंल म्हनून बाजूला धरली. तुला न्हाय घातली."

दाराशी भांडं वाजलं. खैरुनबी चहाचे कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं पिराजीकडं बघितलं, मग वाकळीकडं बघितलं. पुढं येऊन कप स्टुलावर ठेवले आणि आत निघून गेली.

"मला ठावं हाय," शमशुद्दीन म्हणाला.

पिराजीनं मान वर केली. "काय ठावं हाय?"

"पालथा पडलो व्हतो न्हवं. त्वांड तुझ्याच बाजूला व्हतं. तो लाल तुकडा दिसत व्हता मला, सारखा." शमशुद्दीन सावकाश, श्वास घेत बोलत होता. "वाटलं, आता टाकंल अंगावर. वाठारला वाटलं. पुलावर वाटलं. मग म्हनलं, चिमणीची हाय, न्हाय टाकायचा."

"मग फोन कशाला कराय लावलास मला?"

शमशुद्दीननं मान फिरवली. तो खिडकीकडं बघत राहिला. बाहेर कुणीतरी मोटरसायकलला किका मारत होतं, ती चालू होत नव्हती. चहावर साय धरली. पिराजीला वाटलं आता उठावं, जावं, आणि पुन्हा इकडं येऊ नये. तो उठायला लागला.

"पिऱ्या," शमशुद्दीन म्हणाला, "थंडी वाजतीया."

पिराजी जागीच थांबला. मग त्यानं वाकळीची घडी उलगडली आणि शमशुद्दीनच्या अंगावर घातली. आधी पायांवर, मग कमरेवर, मग पाठीवरून मानेपर्यंत, कुठं ओढ बसू नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून धरत, हळू. लाल तुकडा शमशुद्दीनच्या छातीशी आला. त्यानं तो मुठीत धरला आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं त्याचा श्वास लांब, एकसारखा येऊ लागला.

निघताना पिराजीनं स्वयंपाकघराच्या दारातून "येतो वैनी" म्हटलं. खैरुनबी पाठमोरी भांडी घासत होती. तिनं वळून बघितलं नाही आणि पुन्हा या असंही म्हटलं नाही. तिचा राग रास्त होता आणि तो किती दिवस राहील ते तिचं तिलाच ठाऊक.

परतीच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. गाडी हायवेला लागली तसा वारा आत यायला लागला. शेजारचा माणूस म्हणाला, "पावणं, काच लावा की, लई गारठा हाय." पिराजीनं मांडीवर हात ठेवले. तिथं काही नव्हतं. "तुमाला वाजतीया व्हय थंडी?" त्यानं विचारलं, आणि त्या अनोळखी माणसाचं उत्तर येण्याआधीच त्यानं उठून दोन्ही हातांनी जोर लावून काच लावली.